सायंकाळी सातचा भोंगा

भोंगा म्हटला की गिरणी आठवते. भोंगा झाला की माणसे कामावर जात आणि भोंगा झाला की घरी परतत. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे एक गाव आहे. या गावाने २०२२ साली भोंग्याला निराळेच काम दिले. सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरचे टीव्ही बंद व्हायचे, मोबाईल बाजूला ठेवले जायचे. साडेआठला भोंगा पुन्हा वाजला की दीड तासाची ही सुट्टी संपे. मधल्या वेळात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, लिहावे, निदान एकमेकांशी बोलावे, एवढाच नियम.

ही बातमी देशभर गाजली. आपल्यापैकी अनेकांनी ती मोबाईलवरच वाचली असेल! बातमी म्हणून ती मजेदार आहेच. परंतु मोबाईलचा अतिरेक कमी कसा करावा, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या लहानशा गावाच्या प्रयोगात दडलेले आहे. ते उलगडून पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

हात आपोआप का वळतो?

मोबाईलचे वेड म्हणजे तरुण पिढीचा आळस, असा निर्णय वडीलधारी मंडळी चटकन देऊन टाकतात. तो अर्धाच खरा आहे. मानसशास्त्राच्या वर्गात स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कबुतरांची गोष्ट आपण शिकतो. चोच मारली की दाणा मिळतो, असे कबुतराला शिकवले. मग दाणा दर वेळी न देता कधी तिसऱ्या टोच्याला, कधी विसाव्या, कधी पन्नासाव्या टोच्याला दिला. अंदाज लागेनासा झाल्यावर कबुतर कंटाळून थांबेल, असे आपल्याला वाटेल. घडले उलटेच! ते अधिक नेटाने टोचू लागले, आणि दाणा बंद केल्यावरही बराच वेळ टोचत राहिले. फर्स्टर आणि स्किनर यांचा या विषयावरचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

आपला अंगठा हीच चोच. पुढचे चित्र कंटाळवाणे असेल, त्यापुढचेही असेल. पण त्यानंतरचे कदाचित मोठे गमतीचे असेल. हे ‘कदाचित’च आपल्याला धरून ठेवते. त्यात २००६ च्या सुमारास पान कधीच न संपण्याची युक्ती निघाली. पुस्तकाचे प्रकरण संपते, नाटकाचा पडदा पडतो, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते. तेथे मन क्षणभर थांबते आणि ‘आता पुरे’ म्हणू शकते. न संपणाऱ्या पानाने हा थांबाच काढून टाकला.

यामागे अर्थशास्त्रही आहे. माहिती मुबलक झाली की अवधान दुर्मीळ होते, हा विचार हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने १९७१ सालीच मांडला होता. दुर्मीळ वस्तूचा बाजार होतोच. आपल्याला गाणी, चित्रे, विनोद फुकट मिळतात आणि त्या बदल्यात आपले अवधान जाहिरातदारांना विकले जाते. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

दूरदर्शनलाही लोकांनी असेच दोष दिले होते, असे कोणी म्हणेल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे अभ्यास बुडाल्याची तक्रार घरोघर ऐकू येऊ लागली, हे खरे. परंतु त्या दूरदर्शनचा कार्यक्रम रात्री संपत असे, संच दिवाणखान्यातच राहत असे आणि पाहणारे एकत्र बसून पाहत. मोबाईल अंथरुणापर्यंत येतो आणि प्रत्येकाला आपापल्या कोपऱ्यात एकटे बसवतो.

कलाशाखेचे नुकसान

हिशेब करून पाहू. रोजचे चार तास मोबाईलवर गेले असे धरले, तर वर्षाचे १४६० तास होतात, म्हणजे रात्रंदिवस धरून जवळजवळ ६१ दिवस. त्यातून केवळ वडगावचा दीड तास सोडवून घेतला तर वर्षाला ५४७ तास हाती येतात. तासाला ३० पाने या बेताच्या गतीने तीनशे पानांचे पुस्तक दहा तासांत वाचून होते. म्हणजे वर्षाला पन्नासाहून अधिक पुस्तके! इतकी कोणी वाचणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यातली दहा वाचली तरी पदवीच्या तीन वर्षांत तीस होतील, आणि तीस पुस्तके वाचलेला पदवीधर निराळाच माणूस असतो.

तासांपेक्षाही मोठे नुकसान सलगतेचे आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा असते. आपली प्रयोगशाळा म्हणजे लांबलचक पान आणि त्यावर ठरणारे चित्त. कादंबरीतील एखादे पात्र पन्नास पानांनंतर उलगडते, तत्त्वज्ञानातील एखादा मुद्दा तिसऱ्या वाचनाला कळतो. दर पाच मिनिटांनी खिशात थरथर होत असेल तर ही पन्नास पाने कोणी गाठायची? टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फोन टेबलावर पालथा ठेवलेल्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी स्मरणाच्या व तर्कबुद्धीच्या चाचण्या अधिक चांगल्या सोडवल्या. पुढील सर्वच प्रयोगांत हा फरक इतका स्पष्ट दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण दुसऱ्या खोलीत फोन ठेवायला पैसे पडत नाहीत. प्रत्येकाने स्वतःवर प्रयोग करून पाहावा.

वडगावने काय केले?

कोरोनाच्या काळात शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाईल आले. शाळा उघडल्या, पण मोबाईल हातातून सुटेनात. मुलांचे अभ्यासातून लक्ष उडाल्याचे शिक्षकांच्या ध्यानात आले. सरपंच विजय मोहिते यांनी हा प्रश्न गावापुढे ठेवला. हे जमेल का, अशी शंका प्रथम होतीच. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास महिलांची ग्रामसभा भरली आणि भोंगा घेण्याचे ठरले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांना समजावू लागले.

या प्रयोगात तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, नियम सर्वांना सारखा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांसी या गावाच्या ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये, असा ठराव केला. हेतू तोच, पण बाप मोबाईल पाहत बसलेला असताना मुलाला तो नाकारणे कठीणच. वडगावने आधी मोठ्यांनाच नियमात घेतले. दुसरी, वेळ ठरलेली आणि थोडी होती. ‘कमी वापरीन’ हा संकल्प धुक्यासारखा असतो. ‘सात ते साडेआठ वापरणार नाही’ याला कडा असतात. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, ती म्हणजे सगळे एकाच वेळी थांबले. मी एकट्याने मोबाईल ठेवला तर माझ्यामागे गटात काय चालले असेल, या काळजीने जीव टांगणीला लागतो. सारेच थांबले तर चुकण्यासारखे काही उरतच नाही.

रिकाम्या हातांना काय द्यावे?

मोबाईल ठेवला, पुढे काय? येथेच बहुतेक संकल्प मोडतात. सोडलेल्या सवयीच्या जागी काही ठेवले नाही तर ती सवय पाहुण्यासारखी परत येते आणि मुक्काम ठोकते. म्हणून आधी स्वतःला विचारावे की मोबाईल आपण कशासाठी उचलतो. थकवा, कंटाळा, एकटेपणा की अवघडलेपण? औषध दुखण्याप्रमाणे हवे.

हातांना चाळा हवा असेल तर हातांनाच काम द्यावे. या बाबतीत डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) हे आपल्या पुण्याचे मोठे गुरू. व्यसनमुक्तीसाठी ‘मुक्तांगण’ उभारणारा हा लेखक ओरिगामीच्या घड्या घालत असे, लाकूड कोरत असे, बासरी वाजवत असे, चित्रे काढत असे. ‘छंदांविषयी’ हे पुस्तकच त्यांनी लिहिले. कागदाचा एक चौकोन विकत घ्यायला कोणालाही परवडतो.

डोळ्यांना नवे काही हवे असेल तर आपले वारजे दरिद्री नाही. महामार्गाची वाहतूक आणि इमारतींची दाटी म्हणजेच वारजे, अशी बाहेरच्यांची समजूत असते. पण येथल्या उजाड टेकडीवर वनखात्याने व स्थानिक संस्थांनी मिळून सुमारे ४० एकरांवर झाडे वाढवली आहेत. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशात २०० नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून याच वारज्याच्या वनाचे उदाहरण देण्यात आले. त्या वेळी तेथे २९ जातींचे पक्षी आणि १५ जातींची फुलपाखरे नोंदलेली होती. या २९ पैकी आपण किती ओळखतो? एक वही, एक पेन्सिल आणि आठवड्यातली एक सकाळ एवढेच भांडवल पुरे. नवा पक्षी कधी दिसेल हे तेथेही सांगता येत नाही. म्हणजे कबुतराचा तो ‘कदाचित’ येथेही आहेच, फक्त त्याचा मालक कोणी नाही.

पायांना काम हवे असेल तर चालावे. शेजारच्या हिंगण्याला धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली झोपडी बांधून आश्रम नेला, आणि फर्ग्युसनमधील अध्यापन सांभाळून ते तेथपर्यंत पायी ये-जा करीत. आज त्याच भागाला कर्वेनगर म्हणतात. वारज्याहून तेथे चालत जाणे हा आपल्यासाठी संध्याकाळचा फेरफटका आहे.

आणि एकटेपणाला औषध माणूसच. वारज्यात गावोगावहून आलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत आणि त्यांच्याजवळ ओव्या, म्हणी, शेतीचे शब्द, रोगराईच्या आठवणी आहेत. रोज दहा शब्द वहीत उतरवले तर मराठीच्या विद्यार्थ्याचा स्वतःचा कोश तयार होईल. हे शब्द पुढे शोधून सापडणार नाहीत, कारण सांगणारी माणसे थांबत नाहीत.

पण वारज्यात भोंगा कोण वाजवणार?

वडगावात एक देऊळ, एक ग्रामसभा. वारज्यात महामार्गाच्या आवाजापुढे भोंगा ऐकू तरी येईल काय? शिवाय आपल्यापैकी कित्येकजण कॉलेज सुटल्यावर नोकरी करतात. सामान पोचवणाऱ्या मित्राला मोबाईल ठेव म्हणणे म्हणजे त्याला पोट बाजूला ठेव म्हणण्यासारखे आहे. वर्गाची सूचना, शिष्यवृत्तीचा अर्ज, गावाकडून आईचा फोन, सारे त्यातूनच येते. म्हणून मोबाईल फेकून द्या, असा उपदेश येथे नाही. कामाचा मोबाईल आणि चाळ्याचा मोबाईल वेगळा करता आला म्हणजे झाले. कामाव्यतिरिक्तच्या सूचनांचे आवाज बंद करावेत, गजराला साधे घड्याळ आणावे, रात्री मोबाईल उशाशी न ठेवता खोलीबाहेर ठेवावा. आणि सवय हाताबाहेरच गेली असेल, झोप व अभ्यास दोन्ही ढासळले असतील, तर तज्ज्ञाला दाखवण्यात कमीपणा मानू नये. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने यासाठी २०१४ सालीच स्वतंत्र उपचारकेंद्र काढले.

भोंगा मोठाच हवा असे नाही. खोलीत राहणारे चौघे मित्र मिळून एक लहान वडगाव होऊ शकते. जेवणाची वेळ एकत्र असलेले कुटुंब होऊ शकते. आपल्या वाचनालयातील एक लांब टेबलही होऊ शकते. तास संपल्यावर दीड तास त्या टेबलाशी बसणाऱ्यांनी मोबाईल ग्रंथपालांच्या कपाटात ठेवावेत आणि प्राध्यापकांनीही आपले तेथेच ठेवावेत, अशी नम्र सूचना या निमित्ताने करावीशी वाटते. नियम सर्वांना सारखा असला की तो पाळला जातो, हे वडगावने दाखवलेच आहे.

टेबल आहे, कपाट आहे, पुस्तके तर आहेतच. येत्या सोमवारपासून कोण कोण बसणार, तेवढे ठरवायचे राहिले आहे.