मोटारीच्या रंगावरील वलयें

कडक उन्हांत काळ्या मोटारीकडे पाहिलें असतां सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वलयें दिसतात; काळ्या रंगाची हौस महाग पडते ती येथेंच. कोरड्या फडक्यानें धूळ पुसल्यामुळें ओरखडे सर्व दिशांनीं उठतात, पण प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात. म्हणून वर्तुळांचा भास होतो. ते असतात रंगावरील ‘क्लिअर कोट’ या पारदर्शक लेपांत, आणि हा लेप बहुधा ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनहि पातळ. पॉलिश ओरखडा बुजवीत नाहीं. भोंवतालचा लेप घासून काढतें. गेलेला लेप परत येत नाहीं.

लोकरीचें पॅड झपाट्यानें घासतें, कठीण फोमचें त्याहून कमी. मऊ फोम बहुतेक चकाकीपुरताच. प्रारंभ मऊ पॅड व बारीक कणांचें पॉलिश घेऊन वीतभर जागेवर करावा. वलयें न गेलीं तरच कठीण पॅड घ्यावें, आणि जाड कणांचें पॉलिश अगदीं शेवटीं. कांहीं पॉलिशांतील तेलें ओरखडे नुसते झांकतात. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसलें म्हणजे खरें रूप कळतें. नखाला लागणारा ओरखडा मात्र तसाच राहूं द्यावा. तो घालवूं पाहतां लेपच संपतो, आणि मोटार रंगाऱ्याकडे न्यावी लागते.