हलव्याचा काटा आणि दुर्बिणीचा आरसा

यंदा आमच्या लेकीचं पहिलं बोरन्हाण होतं. उत्तरायणाला अख्खं वडोदरा गच्चीवर असतं, पण आमच्या आजीचा हट्ट वेगळाच: पणतीचे दागिने घरच्या हलव्याचेच हवेत, विकतचे नकोत. आजी चौऱ्याऐंशीची, हात थरथरतात. म्हणून तिने खुर्चीत बसून सांगायचं आणि मी शेगडीपुढे बसायचं, असं ठरलं.

कृती ऐकायला सोपी. परातीत थोडी खसखस, खाली अगदी मंद आच, वरून चमचाभर पाक. बोटांनी हलकेच फिरवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा चमचाभर. पहिल्या दिवशी तासाभराने दाणे जेमतेम पांढुरके झाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग होती, म्हणून मी आच वाढवली आणि तीन चमचे पाक एकदम ओतला. दाण्यांचे गोळे झाले, काही तांबूस पडले. सगळी परात वाया. आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, काटा आणायचा नसतो, येऊ द्यायचा असतो. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, पुन्हा मांड."

त्या रात्री मला बीईचा मटेरियल सायन्सचा पेपर आठवला. आधी बीज तयार होतं आणि मग त्याभोवती स्फटिक वाढतो, हा धडा मी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केला होता आणि पेपर संपताच विसरलो होतो. आता तो शोधून पुन्हा वाचला आणि वाचता वाचता थेट मोठमोठ्या दुर्बिणींच्या आरशांपर्यंत पोहोचलो. त्यातले कितीतरी आरसे ग्लास-सिरॅमिक नावाच्या पदार्थाचे असतात आणि तो पदार्थही असाच, बीज आणि आच सांभाळून घडवतात.

भट्टी बिघडली म्हणून

काचेत अणूंची रचना विस्कळीत असते, स्फटिकात ती ओळीने लावलेली असते. ग्लास-सिरॅमिकमध्ये दोन्ही नांदतं: काचेच्या पोटात असंख्य सूक्ष्म स्फटिक. हा शोध अपघाताने लागला. १९५३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी एका खास काचेची पट्टी ६०० अंश सेल्सिअसला तापवत होते. भट्टीचं नियंत्रण बिघडलं आणि तापमान ९०० पर्यंत गेलं. काच वितळून भट्टीचा सत्यानाश झाला असणार, असं त्यांना वाटलं. दार उघडलं तर पट्टी शाबूत, फक्त पांढरी झालेली. बाहेर काढताना ती चिमट्यातून निसटली, जमिनीवर पडून खणकन वाजली, पण फुटली नाही.

ती पांढरी का झाली? खडीसाखरेच्या खड्यातून पलीकडचं थोडंफार दिसतं. तोच खडा कुटला की पांढरीशुभ्र पिठी होते, कारण प्रत्येक कणाच्या कडेला प्रकाश वाकतो आणि विखुरतो. मग स्फटिकांनी भरलेली काच पारदर्शक कशी ठेवायची? उपाय दोन. पहिला, स्फटिक प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान ठेवायचे. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. स्फटिक ५० नॅनोमीटरच्या आसपास असले तर प्रकाश फारसा विखुरत नाही. पिठीसाखरेचा कण त्यापुढे डोंगर म्हणायचा. दुसरा उपाय, स्फटिक आणि भोवतीची काच यांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा ठेवायचा. मग कडेला प्रकाश वाकायला कारणच उरत नाही.

खसखस आणि आच

जर्मनीतल्या शॉट कंपनीने १९६८ मध्ये बनवलेला झेरोदूर हा या घराण्यातला नामांकित पदार्थ. लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची ऑक्साइडं मुख्यतः वितळवतात आणि त्यात टायटॅनियम व झिर्कोनियमची ऑक्साइडं थोडी घालतात. ही यातली खसखस. रस ओतून सावकाश थंड केला की आधी नेहमीसारखी काच मिळते. मग ती पुन्हा तापवतात, पण वितळू देत नाहीत. ७०० अंशांच्या आसपास बीजं तयार होतात, आणखी थोड्या वरच्या तापमानाला त्यांच्याभोवती स्फटिक वाढतात. बीजं जितकी जास्त, तितका प्रत्येक स्फटिक लहान. आच फार चढली तर स्फटिक मोठे होतात, त्यांची रचनाही बदलते आणि काच दुधाळ पडते.

हे स्फटिक तापल्यावर किंचित आक्रसतात, उरलेली काच प्रसरण पावते. वजनाने ७० ते ७८ टक्के स्फटिक असले की दोन्हींची बेरीज शून्याजवळ येते. साध्या काचेची एक मीटरची पट्टी एका अंशाने तापली की सुमारे ९ मायक्रॉन वाढते. उत्तम प्रतीच्या झेरोदूरमध्ये तो फरक ०.०२ मायक्रॉनच्या आत राहतो. रात्र चढत जाते तशी हवा गार होते. तेव्हा आरशाचा आकार जरा जरी बदलला तरी ताऱ्याचं चित्र बिघडतं.

आता तुम्ही विचाराल, आरशावर तर धातूचा मुलामा असतो, मग पारदर्शकता हवी कशाला? आतला बुडबुडा, ताण किंवा दोष मुलाम्याआधीच दिसावा म्हणून.

चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपचे चार मुख्य आरसे याच पदार्थाचे आहेत. प्रत्येक ८.२ मीटर रुंद आणि जाडी फक्त १७.५ सेंटिमीटर. स्फटिक वाढताना काच आक्रसते आणि उष्णताही बाहेर टाकते. एक भाग पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला तर तडा ठरलेला. म्हणून या एका टप्प्यालाच सुमारे आठ महिने दिले गेले. माझ्या कामात चूक झाली तर रात्री बारा वाजताही जुनी आवृत्ती परत आणता येते. इथे तशी सोय नाही.

आपल्याकडे नैनितालजवळ देवस्थळला २०१६ मध्ये सुरू झालेल्या दुर्बिणीचा ३.६ मीटरचा आरसा झेरोदूरचाच आहे. थर्टी मीटर टेलिस्कोप या नियोजित दुर्बिणीच्या आरशाचे ४९२ तुकडे जपानी ग्लास-सिरॅमिकचे असणार आहेत. त्या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि आपल्या संस्थांमध्ये पुण्याची आयुकाही आहे. हा पदार्थ खिशातही पोहोचला आहे: २०२० पासून काही आयफोनच्या पडद्यावरच्या काचेत असेच नॅनोस्फटिक आहेत.

आमच्या घरांतून दहावी-बारावीनंतर मुलं सहसा कॉम्प्युटरकडेच वळतात. मीही तसाच वळलो, त्याची खंत नाही. पण कुणाच्या घरी रसायन आणि भौतिक दोन्ही आवडणारं पोर असेल, तर त्याला हेही क्षेत्र आहे एवढं जरूर सांगा.

आम्ही परात पुन्हा मांडली. मीटिंगच्या आधी नाही, नंतर. सहा दिवस लागले. रथसप्तमीला लेकीच्या गळ्यात हलव्याचा हार होता. आजीने एक दाणा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, काटा बोटाने चाचपला आणि म्हणाली, "आला हो."