खांदा धरला, तर हात बांधून ठेवू नका

‘खांदा धरलाय’ ही तक्रार चाळिशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी नेहमीच ऐकू येते. मग घरात कोणी तेल चोळते, कोणी शेक देते, कोणी हात गळ्यात बांधून देते. पुष्कळदा दुखणे आठ-पंधरा दिवसांत जाते. पण काहींचा खांदा दुखता दुखता घट्ट होत जातो. डॉक्टर त्याला ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा म्हणतात. अमेरिकेतील शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ साली हे नाव रूढ केले. फिजिओथेरपी विभागात काम करताना असे खांदे रोज पाहिले, म्हणून वाचकांपुढे ही माहिती ठेवीत आहे.

काही वर्षांपूर्वी बावन्न वर्षांच्या एक बाई आमच्याकडे आल्या. चार घरी स्वयंपाक करून त्या संसार चालवीत. उजवा खांदा दुखू लागला तेव्हा ‘हाताला आराम द्या’ असे शेजारपाजाऱ्यांनी सांगितले आणि बाईंनी चार महिने हात पंचाने गळ्यात अडकवून ठेवला. आमच्याकडे आल्या तेव्हा हात खांद्याच्या उंचीपर्यंतही जात नव्हता. अंबाडा सून बांधून देई. फळीवरचा डबा काढता येईना, म्हणून दोन घरची कामे सुटली होती. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण या दुखण्यात हात बांधून ठेवण्यासारखे दुसरे नुकसान नाही.

असे का होते, ते पाहू. दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या उथळ खोबणीत बसतो, म्हणूनच हात चहूकडे फिरतो. या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. सदऱ्याच्या काखेत शिंपी जसे सैल कापड ठेवतो, तशी ही पिशवी खालच्या बाजूस सैल असते. हात वर केला की ती उलगडते. या आजारात पिशवीला सूज येते, ती जाड होते आणि आकसते. काखेत घट्ट शिवलेल्या सदऱ्यात हात वर होईल कसा?

पहिले काही महिने वेदना फार, विशेषतः रात्री. नंतर वेदना उतरते, पण खांदा जाम होतो. शेवटी तो हळूहळू सुटू लागतो. या सर्वाला एक ते तीन वर्षे लागू शकतात, आणि काहींच्या खांद्यात थोडा ताठरपणा राहूनही जातो. महिनाभरात खांदा मोकळा करून देतो, असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर जरा सबुरीने घ्यावे. हात झटकून किंवा जोराने ओढून घेण्याच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये.

मधुमेह असणाऱ्यांत हा आजार इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो. थायरॉइडच्या रुग्णांतही आढळतो. वर सांगितलेल्या बाईंनी रक्तातील साखर कधीच तपासली नव्हती. तपासली तेव्हा ती उपाशीपोटीच दोनशेच्या वर निघाली. खांद्याने त्यांना मधुमेहाची वर्दी दिली म्हणायची!

प्रत्येक दुखरा खांदा गोठलेला नसतो. स्वतःहून हात उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर सहज वर जातो, अशा वेळी स्नायूबंध फाटल्याची शंका घ्यावी. गोठलेला खांदा कोणी उचलला तरी अडतो. मानेपासून बोटांपर्यंत कळ आणि मुंग्या असतील तर मूळ बहुधा मानेत असते. पडल्यानंतर दुखू लागले, किंवा सोबत ताप असला, तर आधी डॉक्टर. आणि खांदेदुखीबरोबर छातीत दाब, दरदरून घाम, धाप असेल तर व्यायाम, शेक काही न करता तडक इस्पितळ गाठावे. ते हृदयाचे दुखणे असू शकते.

आता व्यायाम. वेदनेच्या काळात लंबकाचा व्यायाम सर्वांत सोसवणारा. चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाकावे, दुखरा हात सैल लोंबू द्यावा आणि अंग हलके डोलवावे. हात आपोआप घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो. दहा-दहा झोके, दिवसातून तीन वेळा. पुढे उताणे झोपून दोन्ही हातांनी काठी धरावी आणि चांगल्या हाताच्या बळावर दुखरा हात डोक्याकडे न्यावा. तिसरा व्यायाम भिंतीचा. भिंतीवर बोटे मुंगीच्या चालीने वर चढवावीत, जेथे थांबतील तेथे पेन्सिलीने खूण करावी. पाठीमागे टॉवेल धरून हात वर ओढण्याचा व्यायाम मात्र वेदना उतरल्यावरच करावा.

किती ताणावे? व्यायामानंतर अर्ध्या तासात कळ शमली तर ठीक. रात्रीची झोप उडाली तर दुसऱ्या दिवशी कमी करावे, बंद करू नये. व्यायामाआधी दहा मिनिटे शेक चालतो. पण मधुमेहामुळे कातडी बधिर झाली असेल तर चटका कळत नाही, हे ध्यानात ठेवावे. झोपताना दंडाखाली उशी घ्यावी. पोलके घालताना दुखरा हात आधी घालावा, काढताना शेवटी काढावा. एवढ्यानेही बायकांचा मोठा त्रास वाचतो.

वेदना असह्य असेल तर डॉक्टर सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने पहिल्या काळात चांगला आराम पडतो. मधुमेहींची साखर मात्र काही दिवस वाढते. शस्त्रक्रियेचे काय, असे पुष्कळजण विचारतात. ब्रिटनमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा हलवणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिन्हींची त्यात तुलना होती. वर्षभराने तिन्ही गटांचे रुग्ण बरेच सुधारले होते. एक उपाय दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. तेव्हा कर्ज काढून शस्त्रक्रियेकडे धावण्याआधी पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागात जरूर जावे.

त्या बाईंच्या घरच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा हळूहळू चढत गेल्या. अंबाडा स्वतः बांधायला त्यांना अकरा महिने लागले. सुटलेल्या दोन घरांपैकी एक काम परत मिळाले, दुसरे नाही. काहींचा दुसरा खांदाही पुढे धरतो. तीन वर्षांनी त्यांचा डावा खांदा दुखू लागला, तेव्हा त्या आठवड्याच्या आत साखरेचा रिपोर्ट घेऊन आल्या. हात मोकळाच होता.