ओढ आणि पकड (वाहने)

मालवाहू वाहनाचे एंजिन चाकांना जो पीळ पुरवते, त्यातून वाहन पुढे नेणारे जे बल मिळते त्यास ओढ म्हणतात. ते बल न घसरता जमिनीवर टेकविण्याच्या चाकांच्या क्षमतेस पकड किंवा कर्षण म्हणतात. ओढ एंजिनाकडून मिळते, तर पकड जमिनीकडून. या दोहोंपैकी जे कमी असेल, तेवढ्याच बलाने वाहन प्रत्यक्षात पुढे सरकते. सहा सिलिंडरांचे पिकअप ट्रक कमी फेऱ्यांवरील ओढीसाठी जगभर ओळखले जातात. परंतु ओल्या जमिनीत त्यांचेही सामर्थ्य पकडीच्या मर्यादेपुरतेच चालते. सांगली जिल्ह्यातील मिरज व कृष्णाकाठच्या परिसरात ऊसवाहतुकीच्या हंगामात हा नियम रोज अनुभवास येतो.

== पीळ आणि शक्ती ==

एंजिनाच्या क्रँकशाफ्टला मिळणाऱ्या फिरविणाऱ्या प्रभावास पीळ (टॉर्क) म्हणतात. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून शक्ती मिळते. मिनिटास १,६०० फेऱ्यांवर ३०० न्यूटन-मीटर पीळ देणारे एंजिन त्या क्षणी सुमारे ५० किलोवॉट शक्ती देते. ४,००० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर देणारे एंजिन सुमारे ८४ किलोवॉट देते. कागदावर दुसरे एंजिन अधिक शक्तिमान ठरते. परंतु भरलेली गाडी जागेवरून हलवताना ४,००० फेऱ्या उपलब्ध नसतात. अशा वेळी दुसऱ्या एंजिनाचा चालक ॲक्सिलरेटर दाबून क्लच अर्धवट सोडत राहतो व क्लचपट्टी जळते. पहिले एंजिन मात्र शांतपणे गाडी हलवते. गिअरचे प्रमाण वाढवून दुसऱ्या एंजिनाची उणीव भरून काढता येते. मात्र त्यासाठी गिअर वारंवार बदलावे लागतात.

== सहा सिलिंडरांचा लाभ ==

चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन पूर्ण फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच शक्तीची धाव देतो. चार सिलिंडर असल्यास दर १८० अंशांनी एक ठोका बसतो. एक धाव संपते तेव्हा दुसरी सुरू होते आणि मधल्या क्षणी पीळ जवळजवळ नाहीसा होतो. सहा सिलिंडर असल्यास ठोका दर १२० अंशांनी बसतो, त्यामुळे एक धाव संपण्यापूर्वीच पुढची सुरू झालेली असते. कमी फेऱ्यांवरही पीळ सलग मिळतो, एंजिन गचके देत नाही आणि सहजासहजी बंद पडत नाही. शिवाय एका ओळीतील सहा सिलिंडरांमध्ये दट्ट्यांच्या हालचालीमुळे निर्माण होणारी मुख्य कंपने परस्परांना छेदून जातात.

दट्ट्याची धाव लांब असली की ओढ अधिक, अशी समजूत रूढ आहे. ती अपुरी आहे. फोर्ड कंपनीच्या पिकअप ट्रकमध्ये १९६५ ते १९९६ या काळात वापरलेले ३०० घन इंचांचे (४.९ लिटर) सहा सिलिंडरी पेट्रोल एंजिन अल्पगतीच्या ओढीसाठी नावाजले गेले, पण त्याच्या सिलिंडरचा व्यास ४.०० इंच आणि धाव ३.९८ इंच, म्हणजे दोन्ही जवळजवळ समान होती. ओढ मुख्यतः एंजिनाच्या एकूण आकारमानावर आणि कमी फेऱ्यांवर सिलिंडर हवेने किती चांगला भरतो यावर अवलंबून असते. झडपा उघडण्या-मिटण्याच्या वेळा कमी फेऱ्यांना अनुकूल ठेवल्या की वरच्या फेऱ्यांवरील शक्ती घटते, पण खालची ओढ वाढते. डिझेल एंजिनात टर्बोचार्जरमुळे हा लाभ आणखी वाढतो.

डॉज पिकअप ट्रकमध्ये १९८९ पासून बसविलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल एंजिन (व्यास १०२ मिमी, धाव १२० मिमी) सुमारे ५४२ न्यूटन-मीटर पीळ देत असे. याच कुळातील एंजिने भारतात टाटांच्या ट्रकमध्ये वापरली गेली. ती बनविणाऱ्या टाटा कमिन्स कंपनीचा एक कारखाना सातारा जिल्ह्यातील फलटण येथे आहे. टाटांच्या जुन्या '६९७' या एंजिनाचे नावच त्याची रचना सांगते: सहा सिलिंडर आणि ९७ मिमी व्यास. '४९७' हे त्याचे चार सिलिंडरी भावंड होय. भारतातील पिकअप वाहने बहुतांशी चार किंवा त्याहून कमी सिलिंडरांची असतात. 'छोटा हत्ती' म्हणून ओळखले जाणारे टाटा एस हे वाहन २००५ मध्ये आले, तेव्हा त्याचे एंजिन दोन सिलिंडरांचे होते.

== पकडीचे गणित ==

पकडीची कमाल मर्यादा म्हणजे चालक चाकांवरील भार गुणिले घर्षण गुणांक. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा गुणांक सुमारे ०.७, तर ओल्या चिकणमातीवर ०.३ किंवा त्याहूनही कमी धरता येतो.

उदाहरणार्थ, २,००० किलो वजनाच्या रिकाम्या पिकअपच्या मागील चाकांवर ८०० किलो भार आहे असे मानू. एंजिनाचा पीळ ३०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे व डिफरेन्शियलचे प्रमाण प्रत्येकी ४ आणि चाकाची त्रिज्या ०.४ मीटर असल्यास ओढ सुमारे १२,००० न्यूटन होते (यंत्रणेतील घट सोडून). पकडीची मर्यादा मात्र पुढीलप्रमाणे येते:

* रिकामी गाडी, कोरडा डांबरी रस्ता: सुमारे ५,५०० न्यूटन
* रिकामी गाडी, ओला चिखल: सुमारे २,३५० न्यूटन
* १,५०० किलो माल (पैकी १,३०० किलो मागील चाकांवर), कोरडा रस्ता: सुमारे १४,४०० न्यूटन
* तोच माल, ओला चिखल: सुमारे ६,२०० न्यूटन
* तोच माल, ओला चिखल, चारही चाकांना ओढ: सुमारे १०,३०० न्यूटन

रिकामी पिकअप चिखलात एंजिनाच्या ओढीचा पाचवा हिस्साही वापरू शकत नाही, हे यावरून दिसते. माल भरल्यावर पकड वाढते, पण चाके खोल रुतू लागल्याने मातीचा विरोधही वाढतो. एंजिनाची ओढ अपुरी पडते ती केवळ चौथ्या प्रकारच्या विरुद्ध स्थितीत, म्हणजे भरलेली गाडी कोरड्या रस्त्यावर चढ चढत असताना.

== मिरज परिसर ==

मिरज तालुक्याच्या पश्चिमेस कृष्णाकाठची खोल काळी जमीन आहे, तर पूर्वेकडे हलकी, मुरमाड जमीन आढळते. काळी माती सुकल्यावर भेगाळते आणि भिजल्यावर फुगून निसरडी होते. चिखल टायरच्या नक्षीत भरला की टायर गुळगुळीत होतो. अवकाळी पाऊस झाला की उसाच्या फडातून वाहन रस्त्यावर आणणे हेच सर्वांत अवघड काम ठरते.

या कामासाठी ट्रॅक्टर वापरला जातो. त्याचे एंजिन बहुधा तीन किंवा चार सिलिंडरांचे असते. सहा सिलिंडरी ट्रकपेक्षा त्याची शक्ती कमी असते. तरीही मोठी मागील चाके, खोल नक्षी, मागील धुरीवरील भार आणि गिअरमधील मोठी घट यांमुळे तो फडातून बाहेर पडतो. पकड वाढविण्यासाठी मागील टायरमध्ये पाणी भरतात किंवा चाकांना लोखंडी वजने लावतात.

भाराचा उपयोग ओढीसाठी करण्याची कल्पना येथील शेतकऱ्यांना नवी नाही. मोटेच्या विहिरीवर बैल उतरत्या धावेवरून चालत, त्यामुळे त्यांचे स्वतःचे वजनही मोट वर खेचण्यास साहाय्य करीत असे.

== रुतलेले वाहन ==

रुतलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर जोराने दाबणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. घसरणाऱ्या चाकाचे घर्षण न घसरणाऱ्या चाकापेक्षा कमी असते. त्यामुळे चाक गरगरा फिरते आणि स्वतःचा खड्डा खोल करते. साधे डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. एक चाक चिखलात असेल, तर कोरड्या जमिनीवरील चाकालाही तेवढाच अल्प पीळ मिळतो. डिफरेन्शियल लॉक ही अडचण दूर करतो.

अशा वेळी एंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश गाडी हलवणे, चाकाखाली उसाचे पाचट, पोती किंवा खडी टाकणे आणि टायरमधील हवा थोडी कमी करणे उपयुक्त ठरते. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरणे आवश्यक असते.

== सुरक्षितता ==

जड ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरच्या पुढील चाकांवरील भार मागे सरकतो. मागील पकड वाढते, पण पुढची चाके हलकी होऊन सुकाणूचा ताबा सुटू शकतो. ट्रॉली मागील धुरीपेक्षा उंच ठिकाणी जोडल्यास ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटण्याचा धोका असतो. चढावर भार वाढविण्याचा मोह म्हणूनच जीवघेणा ठरतो. ओढ पुरेशी आहे याचा अर्थ गाडी थांबवता येईल असा नव्हे, कारण थांबविण्याचे कामही त्याच मर्यादित पकडीवर अवलंबून असते.

पुराच्या पाण्यातही हेच तत्त्व लागू होते. कृष्णा व वारणा यांच्या काठावरील रस्ते २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाण्याखाली गेले होते. बंद वाहनाच्या तळाचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर धरल्यास, पाणी आत शिरेपर्यंत तळाच्या वर चढलेले दर १० सेंटिमीटर पाणी चाकांवरील सुमारे ६०० किलो भार उचलून धरते. भार गेला की पकड जाते आणि एंजिन चालू असूनही गाडी प्रवाहाबरोबर वाहू लागते. या स्थितीत एंजिनाची कितीही ओढ उपयोगी पडत नाही.

== हेही पाहा ==

* घर्षण
* डिझेल एंजिन
* डिफरेन्शियल
* ट्रॅक्टर
* मोट