तळ्याचा गाळ काय लक्षात ठेवतो

जुन्या घराच्या भिंतीचा पोपडा निघाला की आत एकाखाली एक रंग दिसतात. घरातली म्हातारी लगेच सांगते, हा निळा थोरल्याच्या लग्नातला. तळ्याच्या तळाशी असेच थर बसतात. दर पावसाळ्यात माती, पालापाचोळा, शेण वाहून येतं, तळ्यातलं शेवाळ मरतं आणि सगळं खाली बसतं.

आपल्या पडेगावपासून साधारण दीडशे किलोमीटरवर लोणारचं सरोवर आहे. २००८ साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तिथल्या तळात नळी घालून सुमारे १० मीटर लांबीचा गाळ जसाच्या तसा वर काढला. त्यात ११ हजारांहून जास्त वर्षं साठलेली निघाली. सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी पावसानं दीर्घकाळ ओढ दिली होती, तेही त्यातूनच कळलं.

गाळात माणूस कसा ओळखायचा? रानझाडांचे परागकण कमी झाले आणि पिकांचे वाढले, की तिथं शेती आली. मग नत्र तपासतात. नत्राचे हलका आणि जड असे दोन प्रकार. शेणामुतातून, सांडपाण्यातून आलेल्या नत्रात जडाचा वाटा जास्त असतो. पण लोणारच्या तळाशी पाण्यात प्राणवायू नसतो, आणि त्यानंही जडाचा वाटा वाढतो. म्हणून एकाच खुणेवर निकाल देत नाहीत. आपण तरी नुसत्या रंगावरून ज्वारी घेतो का? उत्तर गोलार्धात वस्तीपासून फार दूरच्या तळ्यांतही साधारण १८९५ पासून नत्र बदललेलं दिसतं. धूर आणि खतांमधलं नत्र हवेतून तिथवर पोचलं.

स्फुरदाची गोष्ट वेगळी. ते हवेत उडत नाही, मातीच्या कणाला धरून बसतं. माती वाहिली की तेही गेलं. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. उसनवारी करून आणलेली ती गोणी पेरली आणि जोराच्या पावसानं माती नेली, तर पैसा तळ्यात जातो. तिथं त्यावर शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात.

म्हणून गावतळ्याचा गाळ शेतात परत आणणं मला पटतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना २०१७ पासून आहे. मशीन लावलं की कित्येक वर्षांची वही एका दिवसात फाटते खरी, पण आपलंच स्फुरद घरी येतं. फक्त शहराचं किंवा कारखान्याचं सांडपाणी जिथं येतं, तिथला गाळ तपासल्याशिवाय उचलू नका. त्यात जड धातू असू शकतात.

गाळ पसरण्याआधी आपली मातीही तपासून घ्या. शेतात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या, माती एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीतून कृषी विज्ञान केंद्रात द्या. खताच्या रिकाम्या गोणीत मात्र ती भरू नका, नाहीतर गोणीतलंच खत अहवालात उतरेल.