सराव वाढतो, पण गुण का वाढत नाहीत?



आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले पदवी घेतात आणि पुढे कॅट, गेट, जीआरई यांसारख्या प्रवेश परीक्षांच्या तयारीला लागतात. त्यांतली काही जण अधूनमधून शाळेत भेटायला येतात. त्यांची तक्रार बहुधा एकच असते. "सर, सुरुवातीला गुण भराभर वाढले. आता दोन महिने झाले, दर रविवारी सराव परीक्षा देतो, पण आकडा जागचा हलत नाही." मग पालक विचारतात की क्लास बदलू का, अजून एखादी टेस्ट सिरीज घेऊ का? काही घरांत पैशाची ओढाताण असते, काही घरांत वेळेची. म्हणून या अंकात याच विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे. शाळेतल्या मुलांनीही हे वाचावे, कारण यातली मुख्य सवय आठवीपासूनच लावता येते.

पठार म्हणजे काय?

गुण अडकणे ही आजची गोष्ट नाही. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोन अभ्यासकांनी १८९७ मध्ये तारयंत्र शिकणाऱ्या उमेदवारांची प्रगती आठवड्यागणिक मोजली. तारेचा संदेश ऐकून उतरवून घेण्याचा वेग आधी वाढला, मग बरेच आठवडे एकाच पातळीवर थांबला आणि त्यानंतर पुन्हा चढला. आलेखातल्या त्या सपाट भागाला पठार म्हणण्याची रीत तिथूनच रूढ झाली. त्यांनी दिलेले कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. उमेदवार आधी एकेक अक्षर ओळखायला शिकतो. मग त्याला अख्खा शब्द आणि पुढे अख्खे वाक्यच ऐकू येऊ लागते. जुनी सवय पक्की झाली आहे आणि वरची सवय अजून बसलेली नाही, अशा काळात आकडा थांबतो.

आपल्या मुलांचेही असेच होते. जेवढे येत होते तेवढ्यावर मिळायचे ते गुण मिळून गेलेले असतात. आता त्याच पद्धतीने आणखी वीस परीक्षा दिल्या तरी तोच आकडा येणार. मोतीबाग मैदानावर एखाद्या फलंदाजाचा पाय चेंडूपर्यंत पोचत नसेल, तर प्रशिक्षक त्याला रोज सामने खेळायला लावत नाही. नेटमध्ये उभा करून तेवढाच एक फटका शंभर वेळा खेळवतो. सराव परीक्षा हा सामना आहे. तो दोष दाखवतो, पण दुरुस्त करत नाही.

गुण एकच, दुखणी तीन

आता थोडे गणित करू. अहमदाबादची आय.आय.एम. १९६१ मध्ये स्थापन झाली. तिथल्या आणि इतर आय.आय.एम.च्या प्रवेशासाठी कॅट ही परीक्षा असते. २०२४ मध्ये तिच्यात ६८ प्रश्न होते. भाषा, तर्क आणि गणित असे तीन विभाग आणि प्रत्येकाला ४० मिनिटे. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय निवडायच्या प्रश्नात उत्तर चुकले तर १ गुण वजा. गणिताच्या विभागात २२ प्रश्न होते.

समजा, तीन विद्यार्थ्यांना गणितात प्रत्येकी १८ गुण मिळाले.

पहिल्याने फक्त ६ प्रश्न सोडवले आणि सहाही बरोबर आले. १८ गुण.
दुसरीने १४ सोडवले, ८ बरोबर आणि ६ चूक. २४ वजा ६, म्हणजे १८.
तिसऱ्याने सगळेच्या सगळे २२ सोडवले, १० बरोबर आणि १२ चूक. ३० वजा १२, म्हणजे पुन्हा १८.

गुणपत्रिकेवर तिघेही सारखेच दिसतात, पण तिघांची दुखणी वेगळी आहेत. पहिल्याला येते, पण तो फार जपून चालतो किंवा एकाच प्रश्नात अडकून बसतो. दुसरीची समज चांगली आहे, पण तिचे सहा प्रश्न कुठे गेले हे शोधायला हवे. तिसऱ्याला सोडून देणे जमत नाही. या तिघांनाही "अजून मेहनत कर" एवढेच सांगणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. म्हणून पालकांना विनंती आहे की मुलांना "किती मिळाले?" या प्रश्नाबरोबर "किती सोडवले आणि किती चुकले?" हेही विचारावे.

अंदाजपंचे उत्तराचा हिशोब

तिसऱ्या विद्यार्थ्याचे म्हणणे असते की ठोकून दिले तर लागेलही एखादे. हे तपासून पाहू. चार पर्याय आहेत आणि काहीच माहीत नाही. असे चार प्रश्न ठोकले तर सरासरी एक बरोबर येईल, तीन चुकतील. ३ गुण मिळाले, ३ गेले. हाती शून्य. गेट परीक्षेतही हाच हिशोब आहे. तिथे १ गुणाच्या पर्यायी प्रश्नाला एक तृतीयांश आणि २ गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण वजा होतात. म्हणजे तिथेही सरासरी शून्यच. नुकसान होते ते वेळेचे. असे आठ प्रश्न वाचून, अर्धवट खटपट करून ठोकण्यात जी मिनिटे जातात, त्यांत येणारे दोन प्रश्न नीट सुटले असते आणि सहा गुण मिळाले असते.

पण एक पर्याय खात्रीने खोडता आला तर गणित बदलते. उरलेल्या तिघांतून निवडताना दर तीन प्रश्नांमागे सरासरी एक गुण हाती राहतो. दोन पर्याय खोडता आले तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी एक गुण. म्हणून नियम सोपा आहे : काहीच खोडता येत नसेल तर सोडा, खोडता येत असेल तर लिहा. उत्तर स्वतः टाइप करायच्या प्रश्नांना कॅट आणि गेट दोन्हींत उणे गुण नाहीत. ते कोरे सोडू नयेत.

प्रश्न सोडणे म्हणजे हरणे, असे आपल्या मुलांना वाटते. बोर्डाच्या परीक्षेत संपूर्ण पेपर सोडवण्याची सवय आपणच लावतो, ती तिथे योग्यही आहे. पण गेल्या काही वर्षांत कॅटमध्ये एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुणांवरही ९९ पर्सेंटाइल मिळाले आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९९ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा देणाऱ्या शंभरांतल्या साधारण ९९ जणांच्या पुढे असणे.

चुकांची वही

मग करायचे काय? सराव परीक्षा आठवड्यातून एकच द्यावी आणि तिच्या तपासणीला परीक्षेच्या दुप्पट वेळ द्यावा. ती पुढीलप्रमाणे करावी.

१. परीक्षा संपल्यावर उत्तरांची पुस्तिका लगेच उघडू नका. जे प्रश्न चुकले किंवा सोडले, ते त्याच दिवशी पुन्हा सोडवा. या वेळी घड्याळ लावू नका.

२. आता प्रत्येक प्रश्नाची जात ठरेल. घड्याळाशिवायही सुटला नाही, तर पाठ कच्चा आहे. निवांत बसल्यावर सुटला, तर अडचण वेळेची किंवा निवडीची आहे. पाहताक्षणीच "अरेच्चा!" झाले, तर ती घाईची चूक. विचारले होते वजा, आपण केले अधिक.

३. वहीत चार रकाने आखा : प्रश्न कशावर होता, चूक कोणत्या जातीची, ती एका वाक्यात, आणि पुन्हा सोडवण्याची तारीख. वाक्य नेमके हवे. "लक्ष नव्हते" असे लिहून उपयोग नाही. "टक्केवारी कोणत्या रकमेवर काढायची ते पाहिले नाही" असे लिहा.

४. आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवा. उत्तर नुसते वाचून "समजले" वाटते, पण ते टिकत नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून पाहणारेच पुढे होते.

तीन-चार परीक्षांनंतर वही चाळली की कोणता रकाना भरतो आहे ते आपोआप दिसते. पाठ कच्चा असेल तर दोन आठवडे परीक्षा थांबवून तेवढाच धडा पक्का करावा. वेळेची अडचण असेल तर पेपर दोन फेऱ्यांत सोडवावा. गणितात २२ प्रश्नांना ४० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत. पहिल्या फेरीत ओळखीचे प्रश्न घ्यावेत, उरलेले दुसऱ्या फेरीत. तर्काच्या विभागात प्रश्न संचाने येतात. तिथे पहिली काही मिनिटे सगळे संच नजरेखालून घालावेत, नाहीतर चुकीच्या संचात दहा-बारा मिनिटे पाण्यात जातात. घाईच्या चुका असतील तर उत्तर नोंदवण्यापूर्वी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचावी.

आणखी एक गोष्ट. एका परीक्षेतून दुसरीत पाच गुण वाढले म्हणून पेढे वाटू नयेत आणि पाच कमी झाले म्हणून घरात सुतक पाळू नये. पेपर सोपा-अवघड असतोच. चार परीक्षांची सरासरी पाहावी आणि तीच पुढच्या चारांशी ताडून पाहावी.

भाषेची अडचण

आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांचे बरेच गुण इंग्रजी उताऱ्यांत अडतात. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे इंग्रजी उताऱ्यासमोर होणारी घालमेल मला ठाऊक आहे. मूल प्रत्येक वाक्याचे मनात भाषांतर करते आणि वेळ तिथेच संपतो. तारयंत्राच्या उमेदवारासारखे त्याला अजून सुटे शब्दच दिसत असतात, परिच्छेद दिसत नाही. नुसत्या शब्दांच्या याद्या पाठ करून हे सुटणार नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख वाचावा, तो बाजूला ठेवावा आणि लेखकाचे म्हणणे तीन वाक्यांत मराठीत सांगावे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना सांगावे. लेखक कशाच्या बाजूने आहे आणि त्याने कारण काय दिले, एवढे ते विचारतीलच.

परदेशी जाणाऱ्यांनी परीक्षेचे आजचे रूप पाहूनच तयारी करावी. मोठ्या भावंडांची जुनी पुस्तके अनेक घरांत असतात. जीआरईतले विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ मध्येच गेले. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. तिच्यात उणे गुण नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. जीमॅटचेही रूप बदलले असून तिच्यात आता ४५ मिनिटांचे तीन विभाग आहेत. एका परीक्षेची युक्ती दुसरीत चालवल्यामुळेही गुण अडतात.

एका मुलीची गोष्ट

आपली एक माजी विद्यार्थिनी यंदा कॅटची तयारी करते आहे. घरून तिला एकच वर्ष मिळाले आहे. सात सराव परीक्षांचे जवळपास सारखेच आकडे घेऊन ती आली आणि म्हणाली, "सर, माझी पोच एवढीच असेल." आम्ही चुकलेले प्रश्न घड्याळाशिवाय सोडवून पाहिले. निम्म्याहून अधिक प्रश्न तिने कोणाच्याही मदतीशिवाय सोडवले. पोच कमी नव्हती. ती प्रत्येक पेपर पहिल्या प्रश्नापासून क्रमाने सोडवत होती आणि अवघड प्रश्न हट्टाने धरून ठेवत होती. तिचा निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. पण "मला येत नाही" आणि "मी निवड चुकते" यांत फार अंतर आहे. पहिल्या समजुतीने मूल खचते. दुसरी चूक सुधारता येते. मुलीला एकच वर्ष मिळत असेल तर ते आकड्यांकडे पाहून रडण्यात जाऊ नये, एवढेच मला घरच्यांना सांगायचे आहे.

शाळेने काय करावे?

माजी विद्यार्थ्यांसाठी आणखी एक टेस्ट सिरीज विकत घ्यावी का, असा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे. माझे नम्र मत असे की प्रश्नपत्रिकांची उणीव नाही. उणीव आहे ती शांत जागेची आणि बरोबर बसून चुका तपासणाऱ्या माणसाची. हे बडोदा शहर आहे. महाराजा सयाजीरावांनी १९१० च्या सुमारास इथे सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, ती वाचायला जागा मिळाली की माणूस शिकतो या विश्वासावर. आपले वाचनालय रविवारी सकाळी चार तास उघडे ठेवता आले, भिंतीवर एक मोठे घड्याळ लावले आणि गणिताचे व इंग्रजीचे एकेक शिक्षक आळीपाळीने आले, तर फार खर्च न करता मोठे काम होईल. मंडळाने यावर विचार करावा.

शाळेतल्या मुलांनी मात्र कोणाची वाट पाहू नये. या घटक चाचणीनंतर आठवी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने चुकांची वही घालावी. वर्गशिक्षक ती महिन्यातून एकदा पाहतील. तिला गुण नसतील आणि चुका जास्त दिसल्या म्हणून कोणी रागावणार नाही. जितक्या नेमक्या चुका लिहाल, तितकी वही चांगली. पालकांनीही ती कौतुकाने पाहावी.

सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा.

आपला,
मुख्याध्यापक