डॉटर्स ऑफ चॅरिटी

डॉटर्स ऑफ चॅरिटी : गोरगरीब व रुग्ण यांच्या सेवेस वाहून घेतलेल्या रोमन कॅथलिक भगिनींचा एक संघ. व्हिन्सेंट द पॉल (१५८१–१६६०) हा धर्मगुरू आणि लुईझ द मारियाक (१५९१–१६६०) ही विधवा स्त्री यांनी २९ नोव्हेंबर १६३३ रोजी पॅरिस येथे तो स्थापन केला. नावातील साम्यामुळे मदर तेरेसा यांच्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संघाशी त्याची पुष्कळदा गल्लत होते. परंतु कोलकात्यातील तो संघ १९५० मध्ये मान्यता पावला व सर्वस्वी स्वतंत्र आहे. मठाच्या भिंतींबाहेर, रस्त्यांवर व लोकांच्या घरांत जाऊन काम करणाऱ्या व्रतस्थ स्त्रियांची परंपरा कॅथलिक पंथात टिकाऊ स्वरूपात रुजली, ती मुख्यत्वे या संघामुळे.

पार्श्वभूमी : ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये जोगिणींनी मठाबाहेर पडू नये, हा नियम कडक केला व पोप पाचवे पायस यांनी १५६६ मध्ये त्यास अधिक बळकटी आणली. व्रत घेणाऱ्या स्त्रीला बंदिस्त मठ एवढाच मार्ग त्यामुळे उरला. संत फ्रान्सिस द सेल्स याने १६१० मध्ये आन्सी येथे स्थापन केलेल्या ‘व्हिजिटेशन’ संघातील स्त्रियांनी घरोघर जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करावी, अशी मूळ कल्पना होती; पण थोड्याच वर्षांत त्या संघाचेही बंदिस्त मठात रूपांतर करावे लागले. गरिबांना गरज होती ती मात्र त्यांच्या दारी येणाऱ्या माणसांची.

व्हिन्सेंट हा १६१७ मध्ये शातियाँ या गावी धर्मगुरू असताना एका घरातील सर्व माणसे आजारी असल्याचे त्याने प्रवचनात सांगितले. दुपारी पाहतो तो त्या घराकडे मदत घेऊन जाणाऱ्या गावकऱ्यांची रीघ लागलेली. एकाच दिवशी जमलेले अन्न नासून जाणार व पुढे ते घर पुन्हा उपाशी राहणार, हे त्याच्या ध्यानी आले. लोकांत दयाबुद्धीची वाण नाही, वाण आहे ती व्यवस्थेची, असा निष्कर्ष त्याने काढला आणि पाळीपाळीने सेवा करणारे स्त्रियांचे पहिले दानमंडळ तेथेच उभारले. पॅरिसमध्ये अशा मंडळांत सरदारघराण्यांतील स्त्रिया सामील झाल्या. पण आजाऱ्याचे अंथरूण बदलणे, मलमूत्र काढणे, शिजवलेले अन्न वाहून नेणे ही कामे त्या आपल्या दासींकडून करवून घेत. ती मनापासून करणाऱ्या खेड्यांतील मुलींची गरज त्यातून पुढे आली.

स्थापना : अशा मुलींत पहिली मार्गरीत नासो ही स्यूरेन गावची गुराखीण होती. जाणाऱ्या-येणाऱ्यांना अक्षरे विचारीत ती गुरे राखता राखता वाचावयास शिकली व पुढे इतर मुलींना शिकवू लागली. प्लेगची लागण झालेल्या एका मुलीला तिने आपल्या अंथरुणात जागा दिली आणि १६३३ मध्ये त्याच रोगाने ती मरण पावली. त्याच वर्षाच्या अखेरीस लुईझने काही मुलींना आपल्या घरी ठेवून घेऊन त्यांच्या शिक्षणास प्रारंभ केला. प्रार्थना, वाचन-लेखन, रुग्णाची शुश्रूषा व औषधे तयार करणे हे विषय त्यांना शिकविले जात. व्हिन्सेंट त्यांच्याशी वेळोवेळी संवाद साधी; दैनंदिन कारभार, रुग्णालयांशी करार आणि दूरच्या भगिनींशी पत्रव्यवहार ही जबाबदारी मुख्यतः लुईझ सांभाळी.

संघाचे वेगळेपण त्याच्या रचनेत आहे. या स्त्रिया जोगिणी आहेत असे ठरले असते, तर त्यांना मठात कोंडून घ्यावे लागले असते. म्हणून व्हिन्सेंटने त्यांना तसे म्हणवून घेऊ दिले नाही. त्यांच्या निवासाला मठाऐवजी नुसते ‘घर’ म्हटले गेले. त्यांचा पोशाख खेडवळ स्त्रियांच्या नेहमीच्या पोशाखासारखा राहिला आणि प्रार्थनेसाठी त्या गावातील सर्वसामान्य चर्चमध्ये जात. लुईझ व चार भगिनींनी १६४२ मध्ये प्रथम व्रते घेतली. पुढे मात्र ती खाजगी स्वरूपाची व एका वर्षापुरतीच असावीत, अशी पद्धत रूढ झाली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन व गरिबांची सेवा ही ती चार व्रते होत. दरवर्षी २५ मार्चच्या सुमारास प्रत्येक भगिनी त्यांचे नूतनीकरण करते. म्हणजे संघात राहण्याचा निर्णय तिला दरसाल नव्याने घ्यावा लागतो. पॅरिसच्या आर्चबिशपांनी १६४६ मध्ये व पुन्हा १६५५ मध्ये संघास मान्यता दिली. रोमची संमती १६६८ मध्ये मिळाली. कॅथलिक धर्मविधीच्या १९८३ च्या संहितेनुसार अशा संघांचा ‘प्रेषितकार्याच्या संस्था’ हा वेगळा वर्ग मानला जातो.

जीवनक्रम व कार्य : भगिनी लहानलहान गटांनी एकत्र राहतात. त्यांची मिळकत सामाईक असते. प्रार्थना, ध्यान व काम यांच्या वेळा ठरलेल्या असतात. तथापि प्रार्थनेच्या वेळी एखादा गरजू दाराशी आला, तर प्रार्थना सोडून त्याच्याकडे जावे व त्यात देवाला अंतरल्याचे मानू नये, अशी व्हिन्सेंटची शिकवण होती.

संस्थापकांच्या हयातीतच कार्याचा व्याप वाढला. पॅरिसच्या रस्त्यांवर टाकून दिलेल्या अर्भकांचे संगोपन १६३८ पासून, तर आंझे येथील रुग्णालयाची शुश्रूषा व गलबतांवर वल्ही मारण्याच्या सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या कैद्यांची देखभाल १६४० पासून सुरू झाली. १६५२ मध्ये भगिनी पोलंडला गेल्या. १६५८ मध्ये कॅले येथे जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना काही भगिनी मरण पावल्या, तेव्हा त्यांच्या जागी जाण्यास इतर भगिनी स्वतःहून पुढे आल्या.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात संघ विसर्जित करण्यात आला. क्रांतिशासनाने सांगितलेली शपथ घेण्यास नकार दिल्याबद्दल आरास येथील चार भगिनींना २६ जून १७९४ रोजी कांब्रे येथे गिलोटिनखाली देहदंड देण्यात आला. परंतु रुग्णालये चालविण्यास प्रशिक्षित माणसे मिळेनात. त्यामुळे १८०० च्या अखेरीस शासनानेच संघाच्या पुनःस्थापनेस अनुमती दिली. १८१५ पासून पॅरिसमधील र्‍यू द्यू बाक हे संघाचे मुख्य स्थान आहे. तेथे १८३० मध्ये मरियेचे दर्शन झाल्याचे सांगणारी कातरीन लाबूरे (१८०६–७६) ही भगिनी पुढे सु. ४५ वर्षे एका वृद्धाश्रमात अज्ञातपणे काम करीत राहिली. रोझाली रांद्यू (१७८६–१८५६) हिने पॅरिसच्या मुफ्तार या दरिद्री वस्तीत शाळा, दवाखाना व अनाथालय चालविले. फ्रेदेरिक ओझानाम व त्याच्या सहकाऱ्यांनी १८३३ मध्ये स्थापन केलेल्या ‘सोसायटी ऑफ सेंट व्हिन्सेंट द पॉल’ या संस्थेला सुरुवातीच्या काळात तिचे मार्गदर्शन लाभले.

क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) फ्रेंच सैन्याच्या रुग्णालयांत या भगिनी होत्या. ब्रिटिश सैनिकांना अशी शुश्रूषा का मिळू नये, असा प्रश्न इंग्लंडमधील वृत्तपत्रांतून विचारला गेला. १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिची परिचारिकांसह रवानगी झाली, त्यामागे या लोकमताचाही भाग होता. अमेरिकेत एलिझाबेथ सीटन हिने १८०९ मध्ये स्थापन केलेला एमिट्सबर्ग येथील भगिनीसंघ १८५० मध्ये या संघात विलीन झाला. लुइझिॲना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठधामात चार भगिनी १८९६ मध्ये गेल्या. त्या काळी कुष्ठरोगावर परिणामकारक औषध नव्हते. तेथेच १९४१ मध्ये गाय फॅजेट या वैद्याने प्रोमिन हे सल्फोन वर्गातील औषध वापरून पाहिले व भगिनींनी त्या कामी साहाय्य केले. पुढे भारतासह सर्वत्र वापरात आलेले डॅप्सोन हे याच वर्गातील औषध होय.

टीका व दोष : संघाच्या कार्याविषयी सर्वत्र विश्वास होता असे नाही. चीनमधील तिंत्सिन येथील अनाथालयात मरणोन्मुख अर्भके मोठ्या संख्येने आणली जात. त्यांचे मृत्यू पाहून मुलांना औषधांसाठी मारले जाते, अशी अफवा पसरली व परकीय सत्तांविषयीच्या रोषात तिची भर पडून २१ जून १८७० रोजी जमावाने १० भगिनींना ठार मारले. येथील आरोप निराधार होता. परंतु स्कॉटलंडमधील प्रकरण तसे नव्हते. लॅनार्क येथील स्मायलम पार्क हे अनाथालय संघाने १८६४ ते १९८१ पर्यंत चालविले. तेथे मुलांना मारहाण होई, अंथरूण ओले केल्याबद्दल त्यांची विटंबना केली जाई व त्यांचा छळ होई, असा निष्कर्ष स्कॉटिश बाल-अत्याचार चौकशी आयोगाने २०१८ मध्ये काढला. संघाने याबद्दल क्षमायाचना केली आहे. बाहेरच्या देखरेखीवाचून चालणाऱ्या मोठ्या संस्थांत व्रतस्थ जीवन हे दुर्बलांच्या सुरक्षिततेची हमी ठरत नाही, हे त्यावरून दिसून आले.

आधुनिक काळ : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात (१९६२–६५) सुझान गीयमँ ही संघाची प्रमुख होती व परिषदेस श्रोता म्हणून उपस्थित राहिलेल्या मोजक्या स्त्रियांत ती एक होती. पंखांसारखे पसरलेले, खळीचे पांढरे शिरोवस्त्र ही या भगिनींची जगभर ओळख बनली होती. २० सप्टेंबर १९६४ रोजी त्याचा त्याग करून साधा पोशाख स्वीकारण्यात आला. मुळात खेडवळ स्त्रियांचे असलेले हे वस्त्र जगाची रीत बदलल्यावर त्यांना लोकांपासून वेगळे पाडू लागले होते. त्या सुमारास संघात चाळीस हजारांहून अधिक भगिनी होत्या. त्यानंतर यूरोप व अमेरिकेत संख्या बरीच घटली. आशिया व आफ्रिका खंडांतील भगिनींचे प्रमाण वाढले. भारतात या संघाचे कार्य ओडिशात स्पॅनिश भगिनींनी सुरू केले.

अनेक देशांत शाळा व रुग्णालये शासनाकडे गेल्यावर निर्वासित, बेघर, एड्सग्रस्त व तुरुंगातील कैदी यांच्यासाठीच्या कामाकडे भगिनी वळल्या आहेत. लुईझ द मारियाक हिला १९३४ मध्ये संतपद देण्यात आले व १९६० मध्ये ती समाजसेवकांची आश्रयदाती संत म्हणून घोषित झाली.